निर्माता फाळके : कारखाना, कंपनी आणि कलावंत

१

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके ह्यांच्या नावामागे भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक हे बिरुद इतके घट्ट चिकटले आहे की, त्यापलीकडे त्यांच्या कार्याचा विचार करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. बिरुद गौरवाचे आहे आणि रास्तही आहे. परंतु अभ्यासाच्या दृष्टीने ते काहीसे अडचणीचे ठरते. जनक म्हटले की सारे लक्ष एका आरंभबिंदूवर, म्हणजे १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'वर एकवटते. त्यानंतरची जवळजवळ पंचवीस वर्षांची उलाढाल, तीमधील यश, भागीदारी, कलह, माघार, पुनरागमन आणि अखेरची उपेक्षा हे सारे मग उपसंहारासारखे वाटू लागते. वस्तुतः फाळक्यांच्या जीवनाचा खरा प्रश्न ह्याच उत्तरभागात दडलेला आहे. तो प्रश्न निर्मात्याचा आहे.

निर्माता हा शब्द आज भांडवल पुरविणाऱ्या व्यक्तीला उद्देशून वापरला जातो. फाळक्यांच्या काळी हा शब्द अद्याप असा आकुंचित झालेला नव्हता. कथा रचणे, पात्रे निवडणे, पडदे रंगविणे, कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, यंत्र फिरविणे, फिल्म धुणे, तिच्या प्रती काढणे, जाहिरात करणे आणि ह्या सगळ्यासाठी पैसा उभा करणे ही कामे एकाच माणसाच्या अंगावर होती. तो माणूस अक्षरशः निर्माता होता. पुढे भांडवल एकाच्या हाती आणि कौशल्य दुसऱ्याच्या हाती अशी विभागणी झाली, तेव्हा ह्या माणसाचे काय झाले, हे पाहणे म्हणजेच फाळक्यांचे चरित्र पाहणे होय.

२

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृतच्या अध्यापनासाठी त्यांची नेमणूक झाली आणि कुटुंब मुंबईला आले. शास्त्र्याच्या घरातील मुलाने १८८५ साली जे. जे. कलाशाळेत नाव घातले, ही त्या काळाच्या संदर्भात लक्षणीय गोष्ट होय. पोथी आणि कुंचला ह्या दोन्ही गोष्टी त्यांच्या वाट्याला अशा प्रकारे लहानपणीच आल्या.

पुढे ते थोरल्या बंधूंकडे बडोद्यास गेले. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० साली तेथे कलाभवन सुरू झाले होते आणि त्याची सूत्रे प्रा. त्रिभुवनदास गज्जर ह्यांच्याकडे होती. कलाभवनाचा हेतू केवळ ललित कला शिकविण्याचा नव्हता. उद्योग आणि कला ह्यांची सांगड घालणारे शिक्षण द्यावे, देशी माणसाने यंत्रविद्या हस्तगत करावी, असा त्यामागील विचार होता. फाळक्यांनी तेथे चित्रकलेबरोबर छायाचित्रण, साचेकाम, मुद्रणाच्या प्रक्रिया ह्यांचा अभ्यास केला. त्यांची पुढील कारकीर्द पाहता, कलाभवनातील ही वर्षे त्यांच्या घडणीत निर्णायक ठरली, असे म्हणावे लागते. कला ही हाताने आणि यंत्राने करावयाची गोष्ट आहे, ही त्यांची धारणा येथेच पक्की झाली.

तरीही उपजीविकेचा मार्ग सरळ लागला नाही. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. परंतु तेथे आलेल्या प्लेगच्या साथीत पत्नी आणि अपत्य दोघेही दगावली. बडोद्यास परतल्यावर छायाचित्रामुळे आयुष्य घटते ह्या लोकभ्रमाशी त्यांची गाठ पडली. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणे हा त्यानंतरचा उद्योग. कार्ल हर्ट्‌झ ह्या परदेशी जादूगाराचा सहवास लाभल्यावर हातचलाखीचे आणि दृष्टिभ्रमाचे प्रयोगही त्यांनी शिकून घेतले. आपल्या आडनावातील अक्षरांची उलटापालट करून प्रोफेसर केल्फा ह्या नावाने ते जादूचे प्रयोग करीत. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला आणि सरस्वतीबाई त्यांच्या संसारात आल्या.

त्यानंतर पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून त्यांनी नोकरी धरली. बंगालच्या फाळणीनंतर देशभर स्वदेशीची लाट उसळली, त्या वातावरणात त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि मुद्रणाच्या धंद्यात उडी घेतली. लोणावळ्याला राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या शिळामुद्रणासाठी काम, मग स्वतःचा एनग्रेव्हिंग व छपाईचा कारखाना आणि पुढे दादरला पुरुषोत्तम मावजी ह्यांच्या भागीदारीत 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' असा हा प्रवास आहे. रंगीत छपाईची यंत्रसामग्री पाहण्यासाठी व आणण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीलाही जाऊन आले. कारखान्याचा लौकिक वाढला, परंतु भागीदारांशी पटेना. फाळके बाहेर पडले आणि आपल्याच कौशल्यावर उभा राहिलेला धंदा त्यांना मागे ठेवावा लागला.

ह्या पूर्वार्धाकडे चरित्रकार बहुधा धडपडीचा काळ म्हणून पाहतात. परंतु येथे दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. चित्रकला, छायाचित्रण, नेपथ्य, जादू आणि मुद्रण ही पाचही अंगे चित्रपटात एकत्र येतात. तेव्हा ह्या धडपडीतील एकही वर्ष वाया गेले नाही. दुसरी गोष्ट अधिक सूचक आहे. भांडवलदार भागीदाराशी मतभेद आणि त्यातून होणारी फारकत हा त्यांच्या आयुष्यातील आकृतिबंध चित्रपटाच्या आधीच सिद्ध झालेला होता.

३

१९१०-११ च्या सुमारास मुंबईतील गिरगावच्या 'अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस'मध्ये फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त पाहत असताना आपल्या मनःचक्षूंपुढे कृष्ण आणि राम, गोकुळ आणि अयोध्या उभी राहिल्याचे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. ह्या प्रसंगाचे वर्णन नेहमी साक्षात्कारासारखे केले जाते. परंतु त्यानंतर त्यांनी जे केले ते साक्षात्कार झालेल्या भक्ताचे वर्तन नव्हते. ते कारागिराचे वर्तन होते. मिळेल तो चित्रपट त्यांनी पाहिला, मिळेल ते पुस्तक व सूचिपत्र मागविले, लहानशा उपकरणावर घरीच रात्री प्रयोग केले. ह्या अतिश्रमाने त्यांची दृष्टी काही काळ गेली व उपचारांनंतर परत आली.

पैसा हा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न होता. आपली विमापत्रे गहाण टाकून फाळक्यांनी प्रवासखर्च उभा केला आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. 'बायोस्कोप' ह्या साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न ह्यांनी त्यांना मार्गदर्शन केले आणि त्यांच्याच ओळखीने वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ ह्यांचा स्टुडिओ त्यांना पाहता आला. विल्यमसन बनावटीचा कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र, फिल्म धुण्याची आणि प्रती काढण्याची साधने ह्यांची व्यवस्था करून ते एप्रिलच्या आरंभी परतले आणि त्यांनी 'फाळके फिल्म्स' ही संस्था स्थापन केली.

नव्या विद्येवर सावकाराचा विश्वास बसावा कसा? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडी थोडी फिल्म खर्ची घालीत त्याच्या वाढीचे चित्रण केले. पडद्यावर हा वेल काही क्षणांत अंकुरापासून पूर्ण वाढताना दिसे. 'अंकुराची वाढ' हा लघुपट पाहून यशवंतराव नाडकर्णी ह्यांच्यासारख्या परिचितांनी कर्ज दिले. भारतीय चित्रपटाच्या अर्थव्यवहारातील हा पहिला नमुनापट म्हणावयास हरकत नाही. कर्जाला तारण म्हणून सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले.

सरस्वतीबाईंचा उल्लेख त्यागी पत्नी म्हणून करून थांबणे हे त्यांच्यावर अन्याय करणारे होय. कच्ची फिल्म त्या वेळी छिद्रांविना येत असे. अंधारात बसून तिच्या कडांना नेमकी छिद्रे पाडणे, रसायने सिद्ध करणे, फिल्म धुणे, चित्रणाच्या वेळी पांढरी चादर धरून सूर्यप्रकाश पात्रांवर परतविणे ही कामे त्या करीत. शिवाय दादरच्या मथुरा भवनात राहणाऱ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडे होता. आजच्या परिभाषेत बोलायचे तर प्रयोगशाळा, प्रकाशयोजना आणि निर्मितिव्यवस्था ही तीन खाती एकट्या त्यांनी सांभाळली आणि तीही विनावेतन. फाळक्यांच्या पहिल्या संस्थेचे अर्थशास्त्र ह्या अदृश्य श्रमांवर उभे होते.

४

'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडवरील 'ऑलिंपिया' चित्रपटगृहात निमंत्रितांसाठी आणि ३ मे १९१३ रोजी 'कॉरोनेशन'मध्ये सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी त्याचे प्रदर्शन झाले. हरिश्चंद्राची भूमिका दत्तात्रय दाबके ह्यांनी, रोहिदासाची फाळक्यांचे पुत्र भालचंद्र ह्यांनी केली. तारामतीसाठी स्त्री मिळेना. वेश्यावस्तीतील स्त्रियांनीही नकार दिला, तेव्हा ग्रँट रोडवरील एका खाणावळीत आचारी असलेल्या अण्णा साळुंके ह्यांना त्यांनी त्या भूमिकेसाठी घेतले. पुरुषाने स्त्रीभूमिका करणे हे मराठी रंगभूमीच्या प्रेक्षकाला मुळीच खटकणारे नव्हते. पुढील वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढील काळातील कमलाबाई गोखले) ह्या मायलेकींनी भूमिका केल्या आणि स्त्री प्रथमच भारतीय कथापटात अवतरली.

ह्यापूर्वी वर्षभर, १८ मे १९१२ रोजी, त्याच 'कॉरोनेशन'मध्ये दादासाहेब तोरणे ह्यांचा 'श्री पुंडलिक' दाखविला गेला होता. आद्यत्वाचा मान कोणाचा, हा वाद त्यामुळे वेळोवेळी उपस्थित होतो. 'पुंडलिक' हे रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होते, त्याचे छायाचित्रण परकीय तंत्रज्ञाने केले आणि त्यावरील प्रक्रिया परदेशी झाली, असे प्रतिपादन फाळक्यांच्या बाजूने केले जाते. ह्या वादातील तारखांपेक्षा त्यामागचा निकष अभ्यासकाला उद्बोधक वाटावा. फाळक्यांचे वेगळेपण सिद्ध करताना आपण नकळत कलाकृतीपेक्षा उत्पादनाची कसोटी लावतो. यंत्र कोणाचे, प्रक्रिया कोठे झाली, कौशल्य कोणाचे, हे प्रश्न आपण विचारतो. फाळक्यांनाही हीच कसोटी मान्य होती. स्वदेशी ह्या शब्दाचा त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ केवळ देशी कथा असा नव्हता. देशात, देशी हातांनी तयार झालेला माल, असा तो अर्थ होता. आणि चित्रपटाच्या निर्मितिस्थळाला ते कारखाना म्हणत, ह्यात हीच दृष्टी प्रकट होते.

पुराणकथेची निवडही ह्या दृष्टीने तपासली पाहिजे. मूकपटात शब्द नव्हते. होत्या त्या मधूनमधून येणाऱ्या इंग्रजी व हिंदी पाट्या. बहुसंख्य प्रेक्षकांना त्या वाचता येत नसत. कीर्तनातून, नाटकांतून आणि घरच्या पोथीवाचनातून जी आख्याने त्यांच्या कानी पडलेली होती, तीच केवळ चित्रांच्या आधारे समजणार होती. हरिश्चंद्र, सावित्री, राम आणि कृष्ण ह्यांच्या कथा प्रांत, भाषा आणि जात ओलांडून सर्वांच्या परिचयाच्या होत्या. त्यामुळे मुंबईत तयार झालेला पट मद्रासलाही चालू शकत होता. श्रद्धा, रसिकता आणि बाजारपेठ ह्यांचा हा संगम होता. कीर्तनकार पूर्वरंगानंतर आख्यान लावतो आणि श्रोता कथा ठाऊक असूनही तिच्यात रंगतो, त्याचप्रमाणे फाळक्यांचा प्रेक्षक पुढे काय होणार ह्यापेक्षा ते कसे दिसणार ह्यासाठी येत असे. चमत्कार हा त्यांच्या पटांचा प्राण झाला तो ह्यामुळे. जादूगार केल्फाची विद्या येथे कामी आली.

५

चित्रपटाला यश मिळताच फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला. 'मोहिनी भस्मासुर' व 'सत्यवान सावित्री' हे पट तयार करून १९१४ साली ते पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांच्या पटांचे कौतुक झाले, तिकडेच राहून काम करण्याविषयी सुचविले गेले. परंतु नाशिकचा कारखाना बंद करून परदेशी राहणे त्यांना मान्य नव्हते. तेवढ्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. कच्च्या फिल्मची आवक मंदावली, सावकारांनी हात आखडता घेतला. नोकरमाणसांचा पगार आणि कर्जाचे व्याज हे दोन्ही चालू असताना उत्पादन थांबले.

ह्या काळात लोकमान्य टिळकांसारख्यांनी त्यांच्या उद्योगाला भांडवल मिळावे म्हणून खटपट केली. मर्यादित कंपनी काढण्याची योजनाही पुढे आली, पण ती सिद्धीस गेली नाही. फाळक्यांनी जनतेला आवाहन केले, गावोगाव आपले पट दाखविले आणि चित्रपट कसे तयार करतात हे दाखविणारा एक लघुपटच केला. त्याचे आज उपलब्ध असलेले अंश पाहताना पात्रांना सूचना देणारे, फिल्म तपासणारे फाळके दिसतात. ह्या लघुपटाकडे आत्मचरित्रात्मक दस्तऐवज म्हणून पाहिले जाते. मुळात तो भांडवल मागण्यासाठी निघालेल्या निर्मात्याचा प्रचारपट होता, हे विसरता कामा नये.

ह्याच सुमारास, १९१७-१८ मध्ये, त्यांनी 'नवयुग' मासिकातून भारतीय चित्रपटाविषयी लेखमाला लिहिली. मराठी गद्याच्या अभ्यासकांनी ह्या लेखांची पुरेशी दखल घेतलेली नाही. चित्रपटाविषयीचे मराठीतील हे आरंभीचे महत्त्वाचे लेखन असून त्यात आत्मकथन, व्यवसायाचा हिशेब आणि कलाविचार ह्यांची सरमिसळ झाली आहे. लेखनाचा घाट विस्कळीत आहे. परंतु निवेदकाचा स्वर विलक्षण जिवंत आहे. स्वतःच्या हालअपेष्टा सांगताना तो करुणा भाकत नाही. कधी विनोद करतो, कधी वाचकाला टोचतो, आणि देशी भांडवलदाराच्या उदासीनतेवर बोट ठेवतो. नाटक आणि चित्रपट ह्यांतील अभिनयाचा भेद, नटाचे दिसणे, दृश्याची रचना ह्यांविषयीचे त्यांचे विचार हे प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे विचार आहेत. मराठीत तंत्रविषयक लेखनाची परंपरा क्षीण आहे, अशी तक्रार आपण वारंवार करतो. त्या परंपरेत ह्या लेखांचे स्थान वरचे आहे.

१९१७ साली 'लंकादहन' आला आणि सारे चित्र पालटले. अण्णा साळुंके ह्यांनी राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका एकाच पटात केल्या. पेटलेल्या शेपटीनिशी उडणारा हनुमान पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडाली. मद्रासला तिकिटांची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून, पोलिसांच्या बंदोबस्तात नेल्याचे सांगितले जाते. अतिशयोक्ती बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. चित्रपटात पैसा आहे, हे भांडवलदारांच्या ध्यानी आले.

६

१ जानेवारी १९१८ रोजी 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी' अस्तित्वात आली. वामन श्रीधर आपटे हे व्यवस्थापकीय भागीदार. त्यांच्या जोडीला मायाशंकर भट्ट आदी भांडवल घालणारे भागीदार आणि फाळके हे काम करणारे भागीदार अशी तिची रचना होती. काम करणारे भागीदार हा शब्दप्रयोग बारकाईने पाहण्यासारखा आहे. ज्याने धंदा निर्माण केला तो आता आपल्याच धंद्यात कौशल्याच्या बळावर हिस्सेदार झाला. कच्च्या मालाची विवंचना संपली, पगार वेळेवर होऊ लागले. त्याबदल्यात खर्चाचा, वेळेचा आणि माणसांच्या नेमणुकांचा अखेरचा निर्णय त्यांच्या हातून गेला.

सुरुवात तर झगझगीत झाली. 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) आणि 'कालियामर्दन' (१९१९) हे फाळक्यांच्या कर्तृत्वाचे शिखर मानले जाते. दोन्हींत कृष्णाची भूमिका त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी हिने केली. 'कालियामर्दन'च्या आरंभी तिच्या मुद्रेवरील भावांचा आविष्कार स्वतंत्रपणे दाखविला आहे. पुढे दिसणारा कृष्ण हा एक खेळणारी मुलगी आहे, हे सांगूनच निर्माता प्रेक्षकाला चमत्काराच्या प्रदेशात नेतो. श्रद्धा आणि कारागिरी ह्यांचे इतके निर्व्याज साहचर्य नंतरच्या पौराणिक पटांत क्वचितच आढळते.

मात्र पडद्यामागे कुरबुर वाढत होती. भागीदारांना ठरावीक मुदतीत, ठरावीक खर्चात तयार होणारे पट हवे होते. फाळक्यांना मनासारखे दृश्य साधेपर्यंत थांबण्याची सवय होती. प्रशिक्षित माणसे आणि यंत्रसामग्री ही कंपनीची मालमत्ता आहे असे एक पक्ष मानी. ती आपण घडविली आहे असे दुसरा पक्ष मानी. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते, म्हणूनच तडजोड अवघड होती. व्यवस्थापकांना खलनायक ठरवून फाळक्यांचे चरित्र रंगविण्याचा मोह टाळला पाहिजे. ह्या कंपनीने पुढेही अनेक वर्षे पट काढले, ते शिस्तबद्ध व्यवस्थेच्या बळावरच. उलट, माणसे, पैसा आणि वेळ ह्यांचा हिशेब फाळक्यांना मानवत नसे, हेही नाकारता येत नाही.

अखेर भागीदार म्हणून असलेल्या आर्थिक हक्कांवर पाणी सोडून फाळके बाहेर पडले आणि सहकुटुंब काशीला गेले. वयाच्या पन्नाशीत, यशाच्या ऐन भरात घेतलेली ही निवृत्ती होती. काशीत त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. तत्कालीन नाट्यव्यवसायावर त्यात उपरोधिक टीका आहे. १९२२ मध्ये ते रंगमंचावर आले, पण त्याला प्रतिसाद बेताचाच मिळाला. नाटक म्हणून ते विस्तृत आणि बोजड झाले आहे. तरीही त्याचा विषय दृष्टीआड करता येत नाही. कंपनीतून बाहेर पडलेला कलावंत कलाव्यवसायाच्या अवनतीवर नाटक लिहितो. चित्रपटाविषयी जे बोलता आले नाही ते रंगभूमीच्या मिषाने बोलतो, असा त्याचा अर्थ लावता येण्याजोगा आहे.

'संदेश'कार अच्युतराव कोल्हटकर ह्यांनी त्यांना परतण्याची गळ घातली. फाळक्यांनी आपण चित्रपटाला मेलो आहोत अशा आशयाचे उत्तर दिले. कोल्हटकरांनी हे पत्र आपल्या पत्रातून प्रसिद्ध केले आणि वाचकांच्या पत्रांचा वर्षाव झाला. १९२२ साली फाळके नाशिकला कंपनीत परतले ते निर्मितिप्रमुख आणि तांत्रिक सल्लागार म्हणून, दरमहा १,००० रुपये वेतनावर. वेतन त्या काळच्या मानाने घसघशीत होते. पण कारखान्याचा धनी, मग काम करणारा भागीदार आणि आता पगारी अधिकारी असा हा उतरता क्रम स्पष्ट आहे.

७

परतलेल्या फाळक्यांभोवतीचे जग बदलले होते. कलकत्त्यात मादन ह्यांच्या संस्थेचा, मुंबईत 'कोहिनूर'चा जम बसत होता. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या द्वारे ऐतिहासिक पटांना वास्तवाचा पोत दिला आणि १९२५ साली 'सावकारी पाश'सारखा सामाजिक पट काढला. प्रेक्षकाला आता चमत्कारापलीकडचे काही हवे होते. फाळके मात्र पुराणातच रमले. त्यांची दृष्टी थिजली असे म्हणणे सोपे आहे. परंतु पगारी निर्मात्याला नवा प्रयोग करण्याचे स्वातंत्र्य कितपत होते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. १९२७-२८ साली सरकारने नेमलेल्या रंगाचारी समितीपुढे त्यांची साक्ष झाली, तेव्हा ह्या धंद्यातील सर्वांत अनुभवी माणूस म्हणून ते बोलत होते. धंद्याची सूत्रे मात्र त्यांच्या हाती नव्हती.

दशकाच्या अखेरीस त्यांनी पुन्हा एकदा वेगळी चूल मांडली. मायाशंकर भट्ट ह्यांच्या भांडवलावर 'सेतुबंधन' हा भव्य पट हाती घेतला. मध्येच पैसा संपला, काम रखडले आणि जुन्या कंपनीच्याच साहाय्याने ते पुरे करावे लागले. तोवर १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' प्रदर्शित होऊन बोलपटाचे युग सुरू झाले होते. १९३२ साली आलेल्या ह्या मूकपटाला पुढे आवाजाची जोड द्यावी लागली. जवळजवळ वीस वर्षे चित्रांतून बोलणाऱ्या निर्मात्याला काळाने असे अकस्मात मुके ठरविले. त्यानंतर 'कोल्हापूर सिनेटोन'साठी त्यांनी 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट दिग्दर्शित केला. वय सदुसष्ट, संस्था दुसऱ्याची, तंत्र नवे. तरी गंगेचा ओघ शंकराच्या जटांत उतरविण्याची त्यांची हौस जुनीच होती.

१९३९ साली भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव मुंबईत साजरा झाला. ज्याच्यामुळे हा महोत्सव होत होता त्याची आठवण तेथे पुरेशी ठेवली गेली नाही. व्ही. शांताराम ह्यांनी पुढाकार घेऊन व्यवसायातील मंडळींकडून निधी जमविला आणि नाशिकला फाळक्यांच्या निवाऱ्याची सोय झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मवर नियंत्रण आले; पट काढावयाचा तर सरकारी परवाना लागे. सत्तरी ओलांडलेल्या फाळक्यांनी असा परवाना मागितला. तो नाकारला गेला आणि लगेचच, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी, नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

८

फाळक्यांच्या नावावर सुमारे ९५ कथापट आणि २६ लघुपट सांगितले जातात. त्यांपैकी फारच थोड्यांचे अंश आज पाहावयास मिळतात. फिल्म नाशवंत, तिच्या जतनाची व्यवस्था नाही, आणि मालकी कंपनीची. ह्या तिन्ही कारणांनी हे धन गेले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने, विशेषतः पी. के. नायर ह्यांनी, जे अंश मिळवून राखले त्यांवरच अभ्यासकाला अवलंबून राहावे लागते. 'राजा हरिश्चंद्र'चे म्हणून जे तुकडे दाखविले जातात ते १९१३ सालचे की फाळक्यांनी १९१७ मध्ये नव्याने चित्रित केलेल्या आवृत्तीचे, ह्याविषयीही मतभेद आहेत. आद्य कलाकृतीच्या पाठनिश्चितीचा हा प्रश्न आहे. हस्तलिखितांच्या पाठभेदांशी परिचित असलेल्या मराठीच्या अभ्यासकाला तो परका वाटू नये.

१९६९ सालापासून केंद्र सरकार फाळक्यांच्या नावे चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार देते. देविकाराणी ह्या त्याच्या पहिल्या मानकरी. २००९ साली परेश मोकाशी ह्यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ने 'राजा हरिश्चंद्र'च्या जन्मकथेला पुन्हा पडद्यावर आणले. हा चित्रपट १९१४ सालच्या आसपास, यशाच्या उंबरठ्यावर थांबतो. कलाकृती म्हणून तो निर्णय योग्यच आहे. संशोधनाला मात्र तेथे थांबता येणार नाही.

कारखाना, कंपनी आणि नोकरी ह्या तीन टप्प्यांतून फाळक्यांची निर्मिती गेली. पहिल्या टप्प्यात स्वातंत्र्य होते आणि पैसा नव्हता. दुसऱ्यात पैसा आला आणि स्वातंत्र्य घटले. तिसऱ्यात दोन्ही दुसऱ्याच्या मर्जीवर राहिले. ह्या पेचातून सुटण्याचा एक मार्ग १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या 'प्रभात'ने दाखविला. तेथे दिग्दर्शक, छायालेखक आणि कलादिग्दर्शक हेच भागीदार होते. काम करणारा भागीदार हा तेथे दुय्यम नव्हता. फाळक्यांना असा सहकारी मेळा लाभला नाही, आणि तो जमविण्याचा त्यांचा स्वभावही नव्हता. परंतु कौशल्य आणि भांडवल ह्यांच्या संबंधांचा जो प्रश्न 'प्रभात'च्या संस्थापकांनी आपल्या परीने सोडविला, तो प्रथम फाळक्यांच्या आयुष्याने मांडला होता. त्या प्रश्नाची किंमत नाशिकच्या घरात बसून अखेरपर्यंत त्यांनी आणि सरस्वतीबाईंनी मोजली.